सिंहगडाचा घाट सायकलने: पहिल्यांदा चढणाऱ्यासाठी

पुण्यात कुणी सायकल घेतली की चार-सहा आठवड्यांत त्याला एक प्रश्न हमखास येतो: "सिंहगड केला का?" खडकवासल्याला जाऊन येणं, पाषाण-सूसला चक्कर मारणं हे सगळं ठीक, पण गडावर सायकल चढवल्याशिवाय या पंगतीत तुमचं पान मांडलं जात नाही. मग एखाद्या रविवारी नवखा गडी उत्साहात निघतो, गोळेवाडीचा नाका ओलांडतो, पहिला किलोमीटर जीव तोडून पॅडल मारतो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर हँडल धरून पायी चालताना दिसतो. त्याच्या पायांत दम असतो. गिअर जड असतो आणि घाई फार असते, एवढंच.

पुढची कृती त्याच्यासाठी. तुमच्याकडे गिअरची सायकल आहे, सपाटीवर तासाभरात पंधरा-वीस किलोमीटर जाता येतं आणि हाताशी दोन महिने आहेत, असं धरून चालतो. वेळेचा विक्रम करायचा नाही. न उतरता, न ढकलता, सव्वा ते दीड तासात वर पोहोचायचं आणि धडधाकट खाली यायचं, एवढंच काम आहे. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब-साखरेच्या गोळ्या चालू असतील किंवा जिना चढताना छातीत जड वाटत असेल, तर या कृतीची पहिली पायरी डॉक्टरांच्या दवाखान्याची आहे. ती गाळू नका.

घाट कसा आहे ते आधी समजून घ्या. पायथ्याच्या गोळेवाडीपासून गडाच्या वाहनतळापर्यंत आठ-नऊ किलोमीटर रस्ता आहे आणि तेवढ्यात साधारण सहाशे मीटर उंची गाठायची असते. म्हणजे सरासरी चढ सात टक्क्यांच्या आसपास. शंभर मीटर पुढे गेलात की सात मीटर वर. पण सरासरी फसवी असते. काही तुकडे दहा टक्क्यांच्या वर जातात, काही ठिकाणी रस्ता जरा सैल होतो, आणि नागमोडी वळणाच्या आतल्या कडेला तर सायकल अक्षरशः भिंतीला लावल्यासारखी वाटते.

आता हिशेब. तुमचं वजन 70 किलो, सायकल 14 किलो, पाणी आणि सामान दोन किलो, असे 86 किलो सहाशे मीटर वर न्यायचे. ताशी सात किलोमीटरच्या वेगाने, सव्वा तासात वर जायचं तर पायांनी सतत सव्वाशे वॅटच्या आसपास जोर लावावा लागतो. बऱ्याच निरोगी माणसांना हा जोर थोड्या सरावाने तासभर टिकवता येतो. तोच घाट पाऊण तासात मारायला निघालात तर दोनशे वॅटच्या वर लागतात, आणि ते नवख्याला पाच-दहा मिनिटंच झेपतात. घाटात दिसणारे बहुतेक दमलेले चेहरे या दुसऱ्या हिशेबाने सुरू केलेले असतात. याच आकड्यांतून आणखी एक गोष्ट निघते: एक किलो वजन कमी झालं तर एवढ्या चढावर मिनिटभरसुद्धा वाचत नाही. तेव्हा हलकी सायकल घेण्यासाठी पैसे साठवत बसू नका. जी आहे ती पुरते.

आधी गिअर मोजा

सगळ्या तयारीत हे काम सगळ्यात आधी, कारण गिअर चुकीचा असेल तर दोन महिन्यांचा सरावही गुडघ्यावर येतो. सायकल भिंतीला टेकवा. पुढची सगळ्यात लहान चाकती आणि मागची सगळ्यात मोठी चाकती, दोन्हींचे दात मोजा. एका दातावर खडूची खूण करून मोजलं की गोंधळ होत नाही; बऱ्याचदा आकडा चाकतीवर कोरलेलाही असतो, काळं ग्रीस पुसलं की दिसतो. मग पुढच्या आकड्याला मागच्याने भागा.

पुढे 28 आणि मागे 28 असतील तर उत्तर एक. म्हणजे पॅडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा, आणि सायकल साधारण दोन मीटर दहा सेंटिमीटर पुढे. ताशी सात किलोमीटरला मिनिटाला पंचावन्न फेरे पडतात. हे जमण्यासारखं आहे. रोड बाइकवर पुढे 34 आणि मागे 28 असतील तर उत्तर सव्वाच्या जवळ, आणि त्याच वेगाला फेरे पडतात पंचेचाळीस-सेहेचाळीस. इथे प्रत्येक फेऱ्याला मांडी जोर लावते, गुडघ्याची वाटी कुरकुरते आणि अर्ध्या तासात पाय भरून येतात. पहिल्यांदा घाट चढणाऱ्याने हे उत्तर एक किंवा एकाहून कमीच ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. गाडीचा अभिमान इथे बाजूला ठेवायचा.

उत्तर जास्त आलं तर दुकानात जा. सात गिअरच्या साध्या हायब्रिडला शिमानोचा 14 ते 34 दातांचा 'मेगा रेंज' फ्रीव्हील बसतो; पुढे 28 असतील तर उत्तर 0.82 होतं आणि फेरे सदुसष्टच्या आसपास जातात. पाय हलके फिरतात, श्वास ताब्यात राहतो. रोड बाइकवाल्यांनी मागे 32 किंवा 34 दातांची कॅसेट बसेल का ते विचारावं. मेकॅनिकला दोन प्रश्न नेमके विचारा: मागचा डिरेलर एवढी मोठी चाकती घेईल का, आणि चेन लांब करावी लागेल का? "बसवून बघू" असं उत्तर आलं तर दुसरं दुकान गाठा.

नवी चाकती बसली की एक तपासणी स्वतः करा. मागचं चाक उचलून धरायला कुणाला तरी सांगा, पॅडल फिरवत मागच्या सगळ्यात मोठ्या चाकतीवर चेन आणा आणि मग डिरेलर अंगठ्याने हलकेच स्पोकच्या दिशेने ढकला. चेन चाकतीवरून निसटून स्पोकमध्ये पडायला बघत असेल तर डिरेलरचा आतल्या बाजूचा स्क्रू सैल आहे. घाटात, पूर्ण जोर लावलेला असताना चेन स्पोकमध्ये गेली तर डिरेलर वाकतो, स्पोक तुटतात आणि त्या दिवसाची सायकल तिथेच संपते. अर्धा फेरा स्क्रू आवळण्याचं काम आहे, पण ते दुकानातच करून घ्या.

सीट, हवा, ब्रेक

सीटवर बसा, पॅडल अगदी खाली न्या, त्यावर टाच ठेवा. गुडघा पूर्ण सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पॅडलवर ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. पुण्यातले निम्मे नवखे सीट खाली ठेवून चालवतात, कारण थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकलेले बरे वाटतात. सपाटीवर ते खपतं. घाटात त्याची किंमत गुडघ्याच्या पुढच्या बाजूने वसूल होते. सीट एकदम तीन बोटं वर घेऊ नका. दर फेरीला थोडी थोडी.

टायरच्या कडेवर हवेची किमान-कमाल मर्यादा छापलेली असते. 35 मिलिमीटरच्या हायब्रिड टायरला सत्तर किलोच्या माणसासाठी 55 ते 65 पीएसआय पुरे. पेट्रोल पंपावर अंदाजपंचे हवा भरू नका. घरी प्रेशर दाखवणारा उभा पंप ठेवा, सायकलीच्या सगळ्या खरेदीत तो पहिल्यांदा घेण्याजोगा.

ब्रेकचं महत्त्व चढताना कळत नाही, उतरताना कळतं. रबराच्या ब्रेक शूवर खाचा असतात. खाच दिसेनाशी झाली की शू बदला. डिस्क असेल तर पॅडची जाडी टॉर्च मारून बघा. लिव्हर दाबल्यावर हँडलच्या दांडीला टेकत असेल तर केबल आवळून घ्या. साइड स्टँड, कॅरिअर, मडगार्ड काढायचे का? वजनाचा हिशेब वर दिलाच आहे. मडगार्ड खडखडत नसेल तर राहू द्या.

आठ आठवडे

पहिले दोन आठवडे घाटाचं नाव काढू नका. आठवड्यातून तीन दिवस, पाऊण ते दीड तास, सपाट किंवा किंचित चढउताराच्या रस्त्यावर. वेग बघायचा नाही, मोबाइलवरचं ॲप बंद ठेवलं तरी चालेल. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय, एवढ्याच दमाने चालवायचं. याच दिवसांत हलक्या गिअरला पाय फिरवायची सवय लावा: पंधरा सेकंदांत उजव्या पायाचे फेरे मोजा आणि चाराने गुणा. सपाटीवर ऐंशीच्या आसपास आले पाहिजेत. सुरुवातीला सीटवर उड्या मारल्यासारखं होतं, आठवड्याभरात अंग शांत होतं. पाय जोरात ढकलायची ज्यांची सवय मोडत नाही त्यांना घाटात सगळ्यात जास्त त्रास होतो, आणि गंमत म्हणजे यात व्यायामशाळेत जाणारे तगडे गडी पुढे असतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छोटे चढ. शहरातल्यांना तळजाईचा रस्ता आहे, पश्चिमेकडच्यांना बावधन-चांदणी चौकाकडचे चढ आहेत. चार-पाच मिनिटांचा एक चढ निवडा आणि बसूनच चढा. वर गेल्यावर सावकाश खाली या आणि पुन्हा. तीन वेळा. तिसऱ्यांदाचा वेळ पहिल्यापेक्षा फार वाढला तर समजायचं की पहिला चढ गरजेपेक्षा जोरात मारला. तिन्ही वेळ सारखे आले की घाटाची अर्धी विद्या आली. हे वाचायला सोपं आहे. प्रत्यक्षात मागून कुणीतरी ओलांडून गेलं की पाय आपोआप जोर लावतात, आणि तेव्हा त्याला जाऊ देणं हाच खरा सराव असतो.

पाचव्या-सहाव्या आठवड्यात खरे घाट. कात्रजच्या जुन्या बोगद्याचा चढ, कोंढव्याकडून बोपदेव किंवा हडपसरकडून दिवे घाट, जो घराजवळ असेल तो. तिघांचेही स्वभाव वेगळे. बोपदेव आखूड आणि कडक, चांगली परीक्षा घेतो. पण तिथे अंधारात एकट्याने जाऊ नका. दिवे घाटात आषाढी वारीची पालखी चढते तेव्हा रस्ता माणसांचा असतो, एरवी तो ट्रकांचा. अगदी पहाटे गेलात तरच मजा. आठवड्यातून एकदा घाट, एकदा लांब सपाट फेरी, एकदा अगदी हलकी फेरी. घाटाच्या दिवशी वीस मिनिटं न थांबता चढता आलं की पुढच्या वेळी तोच घाट दोनदा. सलग दोन दिवस घाट करायचा नाही; स्नायू विश्रांतीत घट्ट होतात, चढावर फक्त झिजतात.

पुणं सोडून इतरत्र राहणाऱ्यांनी हीच घडी आपल्याकडच्या चढावर बसवावी. ठाण्याला येऊर आहे, साताऱ्याला यवतेश्वर, कोल्हापूरकरांना पन्हाळा, वाईकरांना पसरणी. लांबी आणि चढ बघून दिवस मागेपुढे करा, बाकी कृती तीच.

सातव्या आठवड्यात सिंहगडावरच जा, पण अर्धा. कोंढणपूर फाट्यापर्यंत चढा आणि परत फिरा. अर्धवट सोडून यायचं अनेकांना पटत नाही. पण या फेरीत वळणं डोळ्यांखालून जातात, कुठे रस्ता खडबडीत आहे ते कळतं, आणि उतरायचा सराव अर्ध्याच उंचीवर होतो. फाट्यावर पोहोचल्यावर स्वतःला विचारा: आत्ता आणखी एवढंच चढता आलं असतं का? "हो, पण नको" असं उत्तर आलं तर गाडी रुळावर आहे. "शक्यच नाही" आलं तर दोन आठवडे आणखी घ्या. गड कुठे जात नाही.

आठव्या आठवड्यात सोमवार ते शुक्रवार फक्त दोन हलक्या फेऱ्या, अर्ध्या-अर्ध्या तासाच्या. ज्यांना हात शिवशिवतात त्यांनी सायकल पुसावी, चेनला तेल घालावं आणि जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्यावं. ओघळणाऱ्या तेलाला घाटातली धूळ चिकटते आणि चेन वाळू चघळल्यासारखी वाजते.

आदला दिवस

दिवस निवडताना रविवार टाळता आला तर टाळा. सिंहगडावर सुट्टीच्या दिवशी गाड्यांची जी रांग लागते तिच्यात क्लचचा जळका वास हुंगत चढण्यात काही शौर्य नाही. पावसाळ्यात घाटात दरडी येतात आणि रस्ता बंदही ठेवतात. निघण्याआधी चौकशी करा. धुवांधार पावसात पहिला प्रयत्न करू नका, ढगांतला रस्ता कितीही सुंदर दिसत असला तरी. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी सगळ्यात बऱ्या.

रात्री नेहमीचं जेवण, थोडा भात जास्त. नवा पदार्थ, हॉटेलातलं तिखट, लग्नाचं जेवण, यातलं काही नको. सामान रात्रीच काढून ठेवा: एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, छोटा पंप, पान्यांचा संच, पुढचा पांढरा आणि मागचा लाल दिवा, दोन बाटल्या, पातळ विंडचीटर, कोरडा बनियन, थोडे पैसे, ओळखपत्र. ट्यूब बदलता येते का ते घरी एकदा करून बघा. मागचं चाक काढताना चेन कुठे ठेवायची हे पहिल्यांदा घाटात शिकू नये.

एका बाटलीत साधं पाणी. दुसरीत लिंबू, साखर, चिमूटभर मीठ. महागडी पावडर घेतली तरी चालते, पण ती आधीच्या फेऱ्यांत पोटाला मानवलेली हवी. खिशात दोन केळी, चिक्की किंवा खजूर. एका मध्यम केळ्यातून पंचवीस-एक ग्रॅम कर्बोदकं मिळतात; तासाला तीस ते साठ ग्रॅम लागतात. एवढा हिशेब पुरे.

पायथ्यापर्यंत

पहाटे उठल्यावर मूठभर पोहे किंवा दोन पोळ्या-गूळ, आणि निघायला निदान तासभर असू द्या. सव्वापाचला घर सोडलंत तर वडगाव, धायरी, नांदेड फाटा, किरकटवाडी हा सगळा पट्टा रहदारी जागी व्हायच्या आत मागे पडतो. दोन्ही दिवे लावलेले. हा पंचवीस-एक किलोमीटरचा रस्ता तुमचं अंग गरम करण्यासाठी आहे, गटातल्या कुणाशी शर्यत लावण्यासाठी नाही. खडकवासला धरणाच्या भिंतीजवळ उजाडायला लागतं आणि समोर गडावरचे टॉवर दिसतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला तिथे धडकी भरते. बघा आणि सोडून द्या.

दोणजे फाट्यावर पानशेतचा रस्ता सरळ जातो, आपण डावीकडे वळायचं. गोळेवाडीच्या अलीकडे थांबा. एक केळं खा, पाणी प्या, लघवी उरका, विंडचीटर काढून ठेवा. दहा मिनिटांहून जास्त बसू नका, अंग गार पडतं.

घाट

नाका ओलांडल्याबरोबर पुढे चेन सगळ्यात लहान चाकतीवर आणा. चढ सुरू व्हायच्या आधी, पाय मोकळे असताना. जोर लावलेला असताना गिअर टाकला की कडाड् आवाज होतो आणि चेन उतरते. घाटात गिअर बदलायचाच झाला तर अर्धा फेरा जोर सैल सोडा, गिअर टाका, मग पुन्हा दाब द्या. मागे सगळ्यात मोठ्या चाकतीच्या एक आधी थांबा. शेवटचा गिअर वाचवून ठेवलेला असला की कडक वळणावर मनाला आधार असतो.

पहिला किलोमीटर इतका हळू चढा की तुम्हाला स्वतःचीच लाज वाटेल. हे शब्दशः घ्या. ताशी सहा, पाच झाले तरी चालतील, सायकल डोलत नाही तोवर वेग पुरेसा आहे. मागून येणारे "चला काका" किंवा "चला ताई" म्हणत पुढे जातील. त्यांतले काही वर भेटतील, काही वाटेत. सुरुवातीच्या दहा मिनिटांत जोर जास्त लावला तर स्नायूंत जो जळजळता थकवा साठतो तो चढावर उतरत नाही, कारण चढ उसंत देत नाही. सपाटीवर दमल्यावर पाय सोडून सायकल पुढे घरंगळते. इथे पाय थांबले की सायकल थांबली. म्हणून दमायच्या आधीच हळू व्हायचं.

श्वासावर लक्ष ठेवा. दोन-तीन शब्द बोलता येत असतील तर दम बरोबर आहे. एकही शब्द फुटत नसेल तर एक गिअर हलका करा. गिअर उरला नसेल तर फेरे कमी करा. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्याकडे लक्ष द्या, पूर्ण सोडला की आत आपोआप भरपूर येतो. खांदे कानांपाशी चढलेले असतात, ते खाली घ्या. हँडल घट्ट आवळू नका. बोटं मोकळी करून पियानो वाजवल्यासारखी हलवता आली पाहिजेत. हातांनी हँडल ओढण्यात जी ताकद जाते ती पायांच्या वाट्यातून जाते.

बसूनच चढा. दर सात-आठ मिनिटांनी पाठ आखडली की वीस-तीस फेरे उभं राहून मारा, त्यासाठी आधी एक गिअर जड करा, नाहीतर पाय हवेत घसरल्यासारखे होतात. उभं राहिल्यावर हृदयाचे ठोके वाढतात, तेव्हा हे स्नायूंना उसंत म्हणून वापरा, वेगासाठी नको.

वळणं वाचायला शिका. आतल्या कडेला अंतर कमी पण चढ कडक, बाहेरच्या बाजूला अंतर जास्त पण चढ सौम्य. डावीकडच्या वळणावर आपण डाव्या बाजूला म्हणजे आतल्या कडेला असतो. रस्ता मागेपुढे मोकळा दिसत असेल आणि मागून आवाज नसेल तर हातभर मधे सरकून सौम्य वाट धरा. गाडी असेल तर मुकाट डावीकडे राहून शेवटचा गिअर टाका. उजवीकडच्या वळणावर आपण आपोआप बाहेरच्या बाजूला असतो, तिथे दोन श्वास फुकट मिळतात. घोटभर पाणीही तिथेच प्या; तहान लागायची वाट न बघता दर दहा मिनिटांनी. कोंढणपूर फाट्याच्या सुमारास अर्धं केळं. माकडं बघत असतात, केळं खिशातून काढून लगेच संपवा.

टॉवर झाडांतून मधूनच दिसतो, मधूनच गायब होतो आणि प्रत्येक वेळी तेवढाच लांब वाटतो. त्याच्याकडे बघू नका. पुढच्या वळणापर्यंतचं बघा, ते आलं की त्याच्या पुढचं.

थांबावंसं वाटलं तर थांबा. उतरून ढकलण्यापेक्षा दोन मिनिटं उभं राहून पुन्हा चढणं शंभर पटींनी बरं. पण वळणावर थांबू नका. सरळ, मागच्या गाड्यांना लांबून दिसेल अशा जागी, डाव्या कडेला. चढावर पुन्हा सुरू करण्याचीही रीत आहे. दोन्ही ब्रेक दाबून सायकलवर उभे राहा, एक पॅडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, त्यावर पाय ठेवा. रस्ता मोकळा असेल तर सायकल किंचित तिरकी करा, त्याने चढ सौम्य होतो. मग ब्रेक सोडतानाच त्या पायावर पूर्ण वजन टाका आणि सीटवर बसा. दुसरा पाय आपोआप जागेवर येतो. गल्लीतल्या चढावर आधी दहा वेळा करून पाहा.

छातीत दाब, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा उन्हात अंगावर शहारे, यांपैकी काहीही झालं तर तो दिवस तिथेच संपला. सावलीत बसा, पाणी प्या, बरोबरच्याला सांगा. छातीतला दाब असेल तर सायकल तिथेच ठेवा आणि मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा.

शेवटच्या टप्प्यात झाडी विरळ होते, वारा लागतो आणि अचानक गाड्या लावलेल्या दिसतात. इथे बरेच जण उरलेला सगळा जोर लावून सुटतात. सुटा. त्यासाठीच तो राखला होता.

वर आणि खाली

घामाचा बनियन लगेच बदला आणि विंडचीटर घाला. 1300 मीटरवरच्या वाऱ्याने दोन मिनिटांत अंग काकडतं. पिठलं-भाकरीचा आग्रह करणाऱ्या मावशी समोरच असतात, मटक्यातलं दही असतं, कांदाभजीचा वास असतो. दही किंवा ताक घ्या, अर्धी भाकरी खा. भज्यांची प्लेट खाऊन उतरू नका, वळणांवर पोट ढवळतं. पुणे दरवाज्यातून गडावर जायचं असेल तर सायकलला कुलूप लावून, पायांत घसरणारे क्लीटचे बूट नाहीत ना ते बघून जा.

उतार हा या दिवसाचा सगळ्यात धोक्याचा भाग. चढताना सव्वा तास घाम गाळून जी उंची कमावली ती उतरताना बरीचशी ब्रेकमधून उष्णता होऊन बाहेर पडते. सतत ब्रेक धरून ठेवला तर रिम किंवा डिस्क तापते, पकड ढिली पडते. दोन्ही ब्रेक एकत्र, थोडा वेळ दाबा, सोडा, पुन्हा दाबा. वेग वळणाच्या आधी कमी करा, वळणात नाही. वळताना बाहेरचं पॅडल खाली, वजन त्यावर, नजर वळणाच्या शेवटाकडे. समोरच्या खड्ड्याकडे बघितलं की चाक तिकडेच जातं. डावी बाजू सोडू नका, चढणाऱ्या गाड्या तुमच्या लेनमध्ये ओव्हरटेक करत येतात. कडेची बारीक खडी, गाड्यांखालचे तेलाचे डाग आणि रस्त्यात बसलेली माकडं, या तिघांसाठी दोन बोटं कायम लिव्हरवर. बोटं बधिर झाली तर फाट्यावर थांबा, हात चोळा, रिमला लांबूनच हात दाखवून ऊब बघा.

खाली गोळेवाडीला पोहोचलात की अजून पंचवीस किलोमीटर घर आहे आणि आता रहदारी जागी झालेली असते. खडकवासल्याच्या चौपाटीवर कणीस खाणाऱ्या गर्दीतून बेतानेच जा. उघडणारे गाडीचे दरवाजे तिथे फार. उरलेलं केळं आणि बाटलीतलं लिंबूपाणी याच रस्त्यासाठी ठेवायचं असतं.

घरी पोहोचल्यावर तासाभरात व्यवस्थित जेवा, वरण-भात-तूप उत्तम. संध्याकाळी ब्रेक शूवर नजर टाका, घाट उतरल्यावर ते किती झिजले ते कळतं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या दुखतील, ते साहजिक आहे. गुडघ्याच्या पुढे टोचल्यासारखं दुखत असेल तर सीट पुन्हा मोजा आणि गिअरचा भागाकार पुन्हा करा.